बँकॉक ते चिआंग माई रात्रीची गाडी: खालचाच बर्थ घ्या

पहिल्यांदाच जाताय, तर ९ नंबरची स्पेशल एक्सप्रेस पकडा आणि सेकंड क्लास एसी स्लीपर घ्या. फर्स्ट क्लासची दोन बर्थची बंद केबिन जोडप्याला छान, एकट्याला मात्र सेकंडच बरा. तिथले बर्थ आपल्या साइड लोअर-अपरसारखे, पण जास्त ऐसपैस. प्रत्येकाला पडदा, अंथरूणही कर्मचारीच घालून देतात. खालचा बर्थ थोडा महाग, पण रुंद, शिवाय मोठी खिडकी त्यालाच. तेवढे पैसे खर्चाच! तिकीट थाई रेल्वेच्या डी-तिकीट साइटवर काढा, नोव्हेंबर-डिसेंबरचं तर खूप आधी. आणि हो, २०२३पासून ही गाडी बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनवरून नाही, नव्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून सुटते. एसी कडक असतो, स्वेटर हाताशी ठेवा.