रोजचं कापड : वाचकांचे प्रश्न

शाळेत रोज सुती साडी नेसते. दोन-तीन धुण्यांत निऱ्यांखालचा काठ चुणतो आणि साडी पुढून वर उचलल्यासारखी दिसते. इस्त्रीनेही बसत नाही. साडीच वाईट निघते की धुण्यात चूक होते? (शिक्षिका, नाशिक)

दोन्ही नाही. फॉल, म्हणजे काठाला आतून लावलेली पट्टी, बघा. काठ उलटा करा: फॉल ताणलेला आणि साडीला चुण्या, तर फॉल आटलाय. साडी सपाट आणि फॉलला आतून फुगे, तर साडी आटलीय आणि फॉल पॉलिस्टरचा आहे. तुमच्याकडे पहिला प्रकार दिसतोय.

सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत साधारण ३ ते ५ टक्के आटतं. अडीच मीटरचा फॉल ४ टक्के आटला, तर १० सेंटिमीटर गेले. ती अर्धी वीत साडीच्या काठातून ओढून घेतली जाते. इस्त्री काय करणार?

म्हणून सुती साडीला सुतीच फॉल, आणि दोन्ही आधी भिजवून. फॉल कढत पाण्यात बुडवा, पाणी गार होईपर्यंत राहू द्या, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. (पाण्यात मीठ टाकतात, त्याचा आटण्याशी काही संबंध नाही. काम गरम पाणी करतं.) गडद फॉल असेल तर ओला असतानाच पांढऱ्या चिंधीने पुसून पाहा. रंग सुटत असेल तर तो फिक्या साडीला लावूच नका. साडीही फॉल लावण्याआधी एकदा साध्या पाण्यातून काढायची.

फॉल सुती आहे की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. कडेचा एक धागा ओढून पेटवा. सुताचा कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला काळी टणक गोळी राहते, ती बोटांनी चुरत नाही.

लावताना आधी खोचायच्या टोकापासून वीतभर सोडून सुरुवात करा. खालची कड मशीनने चालेल, वरची मात्र हातानेच, दर टाक्याला साडीचे एक-दोन धागेच उचलून. दोरा ओढून घट्ट केलात तर न आटलेला फॉलसुद्धा चुणतो.

आधीच बिघडलेल्या साडीचा फॉल दोन्ही बाजूंनी उसवा, पाणी शिंपडून साडी सपाट इस्त्री करा आणि तोच फॉल परत लावा. तो आता आटून झालाय, पुन्हा त्रास देणार नाही. लांबी कमी पडेल ती पदराकडच्या टोकाला पडू द्या, निऱ्यांखाली नको.

पावसाळ्यात सुती कपडे वाळत नाहीत. टेरिकॉट वाळतं, पण त्याला धुतल्यावरही घामाचा वास येतो. रोज ऑफिसला जायचंय, काय घालावं? (चिपळूण)

सूत हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सूत यांचं मिश्रण, म्हणून ते झटकन वाळतं. पण त्याच कारणाने घाम ते शोषत नाही, आणि घामातला तेलकट अंश मात्र पॉलिस्टरला चिकटून बसतो. गार पाण्याच्या धुण्यात तो निघत नाही आणि अंगाची ऊब मिळाली की वास परत जागा होतो.

असे कपडे धुण्याआधी कोमट पाण्यात डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा. काखेचा भाग उलटा करून चोळा. कपडे मऊ करणारं द्रव टाकू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि वास आत अडकतो.

आणि सुती म्हणजे जाडच, असं कुठे आहे? वाळायला किती वेळ लागेल हे कापडाच्या वजनावर ठरतं. दुकानात काउंट विचारा. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. ८० ते १०० काउंटचं पातळ कापड पंख्याखाली रात्रीत वाळतं, जाड पॉपलीन दुसऱ्या दिवशीही शिवणीत ओलं लागतं. आमचा कल असा: वरची साडी किंवा कुर्ता मिश्र धाग्याचा चालेल, अंगाला लागणारं सगळं सुती हवं. ब्लाउज उलटा करून वाळत घाला, अस्तर आणि मुंढ्याची शिवण सगळ्यात शेवटी वाळते.

परकराच्या नाडीने कमरेला काळा पट्टा पडलाय, मधूनमधून खाजतो. (बार्शी)

पाच-साडेपाच मीटर साडी आणि परकर, सगळं ओझं त्या बारीक दोरीवर. घाम आला की सुती नाडी भिजून आणखी काचते.

नाडी काढून टाका. नेफा उसवून दीड इंच रुंद करा आणि त्यात इंचभर रुंदीची सपाट सुती पट्टी घाला. बांधल्यावर दोन बोटं सहज आत जायला हवीत. गाठ आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, आणि घरी आल्यावर नाडी सैल करायची.

मात्र कातडी जाड झाली असेल, पांढरी पडली असेल किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर मलमं लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली धोतर कमरेला घट्ट बांधण्याच्या जागी होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद केली होती. साडी नेसणाऱ्यांतही तो आढळलाय. अगदी क्वचित होतो, पण जागा हीच.

गडद साडीला खळ दिली की पांढरे डाग दिसतात. (कोल्हापूर)

खळ घट्ट झाली किंवा गाळली नाही. एका साडीला दोन मोठे चमचे साबुदाणा तासभर भिजवा, लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि आणखी तीन लिटर पाण्यात मिसळा. साडी साबण पूर्ण निघालेली आणि ओली हवी, कोरड्या साडीवर खळ जागोजागी धरते. वाळल्यावर पाणी शिंपडून अर्धा तास गुंडाळी करून ठेवा, मग इस्त्री. वर्षभर कपाटात ठेवायची असेल तर खळ धुऊन काढा, नाहीतर कसर लागते.

नऊवारी म्हणजे मीटरमध्ये किती? (ठाणे)

नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंटिमीटर. दुकानात ८ मीटरलाही नऊवारी म्हणतात. अंगाने भरलेल्या किंवा उंच बाईचा कासोटा त्यात आखूड पडतो, तेव्हा मोजून घ्या.