बीपीची गोळी चुकवू नकोस

अगं, वाढलेल्या बीपीमुळे बाळाच्या बुद्धीवर परिणाम होईल या धास्तीने रात्र रात्र जागू नकोस. गरोदरपणात बीपी वाढलेल्या आयांच्या मुलांमध्ये पुढे सरासरी थोडा फरक काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही. दिसतो तोही लहान, आणि त्यात बाळ लवकर जन्मणं, वजन कमी भरणं याचाही वाटा असतो. आपल्या हातात आहे ते बीपी ताब्यात ठेवणं.

बोरिवलीहून दादरपर्यंत उभ्याने आलीस की लगेच मोजू नकोस. पाच मिनिटं शांत बस. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. आकडा वहीत लिही. माझ्या वहीत २९व्या आठवड्याला १४८/९६ लिहिलंय, त्या पानावर वरणाचा डाग आहे. १४०/९० किंवा वर आलं की डॉक्टरांना फोन. १६०/११० झालं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं किंवा चेहरा एकदम सुजला, तर सकाळची वाट बघायची नाही. तडक हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

आणि गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. ‘औषध बाळाला बाधेल’ म्हणून मी दोन दिवस लॅबेटालॉल, म्हणजे माझी बीपीची गोळी, घेतली नाही, तिसऱ्या दिवशी भरती व्हावं लागलं. अजून वाईट वाटतं मला त्याचं.

बाळंतपणानंतरही वही मिटू नकोस, पहिल्या आठवड्यात बीपी पुन्हा चढू शकतं. लसीकरणाला गेलीस की बाळाच्या डॉक्टरांनाही हे सगळं सांग. ते वाढीवर लक्ष ठेवतील.