सायलेंट स्विच बसवूनही स्पेसबार खडखडतो

प्रश्न : मी घरी मराठी अनुवादाचे काम करतो आणि बरेचसे टंकलेखन रात्रीच होते. शेजारच्या खोलीत लहान मूल झोपलेले असते, म्हणून सुटे भाग मागवून मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जुळवला आणि त्यात सायलेंट स्विच बसवले. अक्षरांच्या कळा शांत झाल्या. पण स्पेसबार आणि शिफ्ट अजून खडखडतात. चांगले स्टॅबिलायझर घेतल्यास हा आवाज जाईल का?

उत्तर : जाईल, परंतु नवे स्टॅबिलायझर पाकिटातून काढून तसेच बसवले, तर पैसे खर्चूनही खडखड बऱ्याच अंशी राहील. साध्या कळेच्या दुप्पट किंवा त्याहून रुंद असलेली कळ एका बाजूला कलू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांखाली प्लास्टिकचे स्टेम, म्हणजे कळेबरोबर वर-खाली होणारे छोटे दांडे, असतात आणि ते वाकवलेल्या पोलादी तारेने जोडलेले असतात; या जोडणीलाच स्टॅबिलायझर म्हणतात. ही तार स्टेममध्ये सैल असली की खणखणते, आणि स्टेम खालच्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) आपटला की ठक्क असा आवाज येतो. यात तुमच्या स्विचचा काहीच दोष नाही. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळरचनेने लिहिणाऱ्याला तर हा त्रास अधिकच जाणवतो, कारण ख, घ, थ ही अक्षरे आणि आपला ळ शिफ्ट धरल्याशिवाय उमटत नाहीत.

खरेदीपूर्वी तुमचे स्टॅबिलायझर प्लेटवर (स्विच धरून ठेवणाऱ्या पाटीवर) बसतात की पीसीबीवर, हे पाहून घ्यावे; एकाच्या जागी दुसरे चालत नाही. पीसीबीला स्क्रूची छिद्रे असतील तर स्क्रूचेच घ्यावेत, कारण कीकॅप (कळेची वरची टोपी) ओढताना ते जागचे हलत नाहीत. ड्युरॉक किंवा टीएक्स या कंपन्यांचे घेतल्यास सुटे भाग एकमेकांत बरेच घट्ट बसतात.

सर्वाधिक वेळ तारेला द्यावा. ती काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून दोन्ही टोकांवर आळीपाळीने बोट टेकवावे. एक टोक किंचित उचलले गेले, तर स्पेसबार नेमका एकाच बाजूने का वाजतो ते लगेच कळते. पकडीने अगदी थोडा बाक देऊन पुन्हा काचेवर पाहावे. तार सपाट बसेपर्यंत हे चिकाटीने करावे, कारण वाकडी तार कोणत्याही ग्रीसने गप्प होत नाही. त्यानंतर तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावावे. वाहनांच्या स्पार्क प्लगच्या टोपीत वापरतात तेच हे घट्ट सिलिकॉन ग्रीस. स्टेम ज्यात सरकतो त्या प्लास्टिकच्या घरट्याच्या आतून मात्र क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा हात ब्रशने अगदी पातळ फिरवावा, अन्यथा कळ वर यायला रेंगाळते. शिलाई मशीनचे तेल कृपया वापरू नये. ते ओघळून जाते आणि खडखड परत येते.

ठक्क आवाजासाठी स्टेम जिथे टेकतो तिथे पीसीबीवर कापडी पट्टीचा बारीक तुकडा चिकटवावा, छिद्रे मोकळी ठेवून. जुन्या धाटणीच्या स्टेमच्या तळाशी दोन लहान पाय असतात, ते नेलकटरने सपाट कापले तरी चालते. ड्युरॉकमध्ये ते मुळातच नसतात.

हे सगळे करण्यासाठी सर्व स्विच काढून प्लेट उचलावी लागते. तुमचा कीबोर्ड हॉटस्वॅप, म्हणजे स्विच नुसते ओढून काढता येणारा, असेल तर ते सहज होईल. स्विच पीसीबीला डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेले असतील, तर आधी फक्त स्पेसबारची आणि शिफ्टची कीकॅप काढून, तार स्टेममध्ये शिरते त्या फटीत सिरिंजने ग्रीस सोडून पाहावे.