पाळ्या वाटून घे

प्रिय बाय,

बाबांचा असा खून झाला, त्यांचं तेरावं होऊनही दहा दिवस झाले. पाहुणे पांगले असतील. दारावरची गर्दी ओसरल्यावरच खरं जड जातं, म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या थोरल्या भावाला भोसकून मारलं तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. फोंड्याच्या बाजारात मागून कुणी भरभर चालत आलं तरी अंगाला घाम फुटायचा. भेटायला येणाऱ्यांना मी 'बरी आहे' सांगून उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे. तसं तू करू नकोस गं.

त्या वर्षी चतुर्थी आली. सुतक कधीच फिटलं होतं, पण गणपतीवर फळांची माटोळी बांधायला आईचे हात उठेनात. शेजारच्या वाड्यावरचे एक ख्रिस्ती काका कुळागरातला सुपारीचा घोस घेऊन आले आणि काही न बोलता त्यांनी शिडी लावली. मग कुणी आंबाडे आणले, कुणी तोरिंजन. मी खाली फळं बांधायचे, केवणीच्या सालीचे दोर धरून उभी. कितीतरी दिवसांनी माझ्या हातांना काम मिळालं होतं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

'काही लागलं तर सांग' असं तुला सगळेच म्हणत असतील. बहुतेकांना काय करावं ते खरंच कळत नसतं. तेव्हा नेमकं सांग: पदेराकडून पाव तू घे, मंगळवारी आजीला दवाखान्यात तू ने, पोलीस स्टेशनवर माझ्यासोबत तू चल. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, ते पाळ्या लावून. एकाच गळ्यावर सोपवलं असतं तर पहाट झाली नसती.

कुणी त्या रात्रीचं खोदून विचारलं तर 'आज नको' म्हण. पोलिसांना जबाब द्यावा लागेल, बाकी कुणाला नाही. आणि हक्क सोडू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पीडिताच्या कुटुंबासाठी भरपाईची चौकशीही तिथेच कर.

झोप उडणं, दचकणं सुरुवातीचे काही आठवडे होतंच. महिन्यानंतरही ते ओसरलं नाही तर डॉक्टरांकडे जायचं. जगणं नकोसं वाटलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी इस्पितळ आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीबेरात्रीही लागतो. यात लाज कसली? आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, खास प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना आधार दिला आणि त्याचा चांगला गुण आला. २०१७ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांची पद्धत मुख्यतः एवढीच, की खचलेल्या माणसाला त्याच्या आवडीच्या, मोलाच्या वाटणाऱ्या छोट्या कामांकडे हळूहळू परत न्यायचं. वाचताना मला ते केवणीचे दोर आठवले.

राग येईल, खूप येईल. तो माझ्यापुढे काढ, मला चालेल.

शनिवारी सकाळच्या बसने मी येते. उकड्या तांदळाची पेज मी करीन. तू फक्त परसातली चार तोरां, कच्च्या कैऱ्या, काढून ठेव, आपण दोघी मिळून चिरू.

तुझी,
बाई