छातीतील गाठ आणि कॅसलमन आजार

प्रश्न : माझ्या ३२ वर्षांच्या सुनेच्या छातीत, दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेत, पाच सेंटिमीटरची गाठ एक्स-रेमध्ये योगायोगाने आढळली. तिला ताप नाही, वजनही घटलेले नाही. सुई घालून केलेल्या तपासणीत निदान झाले नाही. डॉक्टर ‘कॅसलमन आजारा’ची शक्यता सांगून शस्त्रक्रिया सुचवतात. हा कर्करोग आहे का? आधी क्षयाची औषधे देऊन पाहावीत का?

उत्तर : कॅसलमन आजार हा कर्करोग नव्हे; त्यात लसीकाग्रंथी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी (लसीकापेशी) असलेल्या छोट्या ग्रंथी, वाढून गाठ होते. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ मध्ये अशा १३ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या गाठीही छातीच्या मध्यभागीच होत्या आणि थायमस ग्रंथीच्या गाठीसारख्या भासत होत्या.

सुईने निदान का झाले नाही, हे समजून घ्या. सुईतून सुट्या पेशी येतात, आणि या आजाराची ओळख पेशींच्या मांडणीत असते. सूक्ष्मदर्शकाखाली लसीकापेशींचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसतात आणि एखादी रक्तवाहिनी त्यांच्या केंद्रात काडीसारखी सरळ शिरलेली असते. ही रचना पाहण्यासाठी, आणि लिम्फोमा (लसीकापेशींचा कर्करोग) नाही याची खात्री करण्यासाठी, शक्यतो अख्खी गाठच लागते. म्हणूनच आपल्याकडे लसीकाग्रंथी सुजली की क्षयाची शंका प्रथम येणे रास्त असले, तरी पुराव्यावाचून क्षयाची औषधे सुरू करू नयेत. त्यात महिने जातात आणि निदान तिथेच राहते. काढलेल्या गाठीचा तुकडा क्षयाच्या तपासणीसाठी जरूर पाठवावा.

शस्त्रक्रियेपूर्वी मानेपासून ओटीपोटापर्यंतचा सीटी किंवा पेट स्कॅन आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, कारण गाठी अनेक ठिकाणी असतील तर तो वेगळा आजार ठरतो आणि त्यावर मुख्यतः औषधोपचार करावे लागतात. तोंडात न भरणारे, वेदनादायक व्रण असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा; या गाठीशी त्यांचा क्वचित, पण गंभीर संबंध असतो.

गाठ एकच असेल आणि ती पूर्ण निघाली, तर बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात, केमोथेरपी लागत नाही. खरी काळजी रक्तस्रावाची असते, कारण ही गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. त्यामुळे रक्ताची सोय आधी करतात, आणि गरज पडल्यास गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या शस्त्रक्रियेपूर्वीच बंद करतात. हे काम छातीच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच सोपवावे.

अहवालाबरोबर गाठीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) आणि स्लाइड (तपासणीच्या काचपट्ट्या) मागून घ्या. दुसरे मत घ्यायचे झाल्यास तेच लागतात.