आयरिश कवी शेमस हीनी वाचायला घेताय? सुरुवात इथून करा

समग्र हीनी एकदम मागवू नका. आधी १९६६चा पहिला संग्रह, 'डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट', तेवढा पुरे. त्यातली 'डिगिंग' ही कविता सगळेच सुचवतात, वाचाच. पण मी म्हणेन, 'मिड-टर्म ब्रेक'वर जास्त थांबा. हीनी बोर्डिंग शाळेत असताना, १९५३ साली, त्यांचा चार वर्षांचा भाऊ मोटारगाडीच्या धडकेत गेला. कवितेत दारात रडणारे वडील आहेत, बाबागाडीत हसणारं बाळ आहे, आणि शाळकरी पोराशी उठून हस्तांदोलन करणारी म्हातारी माणसं आहेत. कवी स्वतः मात्र कुठेही रडत नाही. शेवटची ओळ आली की पुस्तक जरा बाजूला ठेवा.

नवे वाचक हमखास करतात त्या चुका:

- थेट 'नॉर्थ'ला (१९७५) हात घालणं. दलदलीत सापडलेली प्राचीन प्रेतं आणि उत्तर आयर्लंडमधला रक्तपात तिथे एकमेकांत गुंतलेत. तो संग्रह नंतर.
- प्रत्येक ओळीत राजकारण शोधणं. उत्तर आयर्लंडच्या डेरी परगण्यातलं शेतकरी घर, गुरं, बटाट्याची शेतं, हे आधी दिसू द्या.
- मनातल्या मनात वाचणं. मोठ्याने वाचा, व्यंजनं अक्षरशः चिखलासारखी पायाला चिकटतात.

आधीचे आयरिश कवी येट्स यांच्याशी तुलना, अनुवाद, १९९५च्या नोबेलचं भाषण, हे सगळं सध्या राहू द्या. आठवड्याला दोन कविता वाचल्यात तरी भरपूर झालं. कुठे अडलात तर बिनधास्त विचारा.