सासवडजवळच्या ओसाड माळावर आमची कंपनी १,००० झाडं लावणार आहे. दुर्मीळ प्राण्यांसाठी याखेरीज काय करता येईल?

आधी एक विनंती. ती हजार झाडं तिथे लावू नका.

तुम्ही लिहिलंय की सासवडच्या पुढे कंपनीला एक 'ओसाड, पडीक' माळ मिळालाय, जूनमध्ये दोनशे लोक बसने जाणार, रोपं लावणार, आणि 'याखेरीज' काय करावं हे तुम्हाला विचारायचंय. तुमच्या उत्साहावर विरजण घालायची हौस नाही. पण नेमकं हेच मी २०११ साली करून बसलोय, म्हणून लिहितो. मी शास्त्रज्ञ नाही, हिशेबनीस आहे. त्या माळाच्या अपराधी भावनेपोटी महिन्यातला एक रविवार सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर या बाजूला काढायला लागलो आणि मग ती सवयच लागली.

तर २०११. आमच्या ऑफिसने सहाशे रोपं आणली होती, बहुतेक गिरिपुष्पाची. कारण विचारलं तर रोपवाटिकावाला म्हणाला, "साहेब, हे मरतच नाही." (याच झाडाला उंदीरमारी म्हणतात, हे नंतर कळलं.) जेसीबीने आधीच खड्डे आणि लांबलचक चर खणून ठेवलेले. सगळ्यांना हिरवे टी-शर्ट, वडापाव, फोटो. कडेला एक म्हातारे मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकवून बघत उभे होते, मेंढरं मागे. आमच्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, "बाबा, इथे आता रान होणार." ते म्हणाले, "रान करनार व्हय? मंग ह्ये काय हाय?"

आम्ही हसलो. मला हा प्रश्न कळायला तीन-चार वर्षं लागली.

आपण पुणेकर रान म्हटलं की ताम्हिणी डोळ्यासमोर आणतो. पण सह्याद्री ओलांडल्यावर पाऊस कसा आटत जातो ते बघा. लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर, पुण्यात सातशेच्या आसपास, बारामती-इंदापूरकडे जेमतेम पाचशे. त्यात वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अशा जागी निसर्गतः जे उगवतं ते गवत: पवन्या, मारवेल, डोंगरी, आणि मोज्यांत घुसून जीव नकोसा करणारी कुसळी. मधूनमधून एखादी बोर, हिवर, खैर, तरवडाची जाळी. म्हणजे तिथलं जंगल कुणी तोडलं म्हणून हा माळ उघडा पडलाय, असं नाही. तो मुळातच तसा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी साहित्यात कोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात हे तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या शतकापासूनच्या मजकुरात अभ्यासकांना बरीचशी उघड्या माळावरची, काटेरी झाडंच सापडली. आपल्या पूर्वजांना माळ दिसत होता. ओसाड तो नंतर ठरला, आणि ठरवला मुख्यतः महसुलाने. इंग्रजांच्या वहीत ज्या जमिनीचा सारा येत नाही ती वाया गेलेली. आजही सातबाऱ्यावर नांगर न चालणाऱ्या तुकड्याला 'पोटखराबा' म्हणतात. पोट खराब म्हणजे कुणाचं, हे लांडग्याला विचारायला हवं.

लांडग्याकडे मी येणारच होतो, कारण तुम्हाला दुर्मीळ प्राणी हवेत. देशभरात वाघ किती हे सगळ्यांना पाठ असतं: २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२. लांडग्यांचा याच सुमाराचा अंदाज आहे ३,१०० च्या आसपास. वाघापेक्षा कमी! आणि त्यातले काही तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसपासून दीड-दोन तासांवर, पुरंदर-बारामतीच्या माळांवर राहतात. व्याघ्रप्रकल्पात नाही, मेंढ्यांच्या वाड्याच्या आसपास. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर वाघाइतकंच संरक्षण, पण ज्या जमिनीवर ते राहतात तिला संरक्षण नाही. ती गायरान आहे, खासगी आहे, वन विभागाची आहे किंवा उद्याचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. पुरंदरचा नियोजित विमानतळ, गोदामं, 'फार्महाउस प्लॉट'चे फलक हे सगळं त्याच माळावर यायचंय.

लांडगा, खोकड, तरस, चिंकारा हे उघड्यावरचे प्राणी. चिंकाऱ्याचा सगळा जीव नजरेत आणि पायात. त्याला लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं पाहिजे. तिथे तुम्ही गिरिपुष्पाची दाटी उभी केली की सावलीत गवत मरतं. गवत गेलं की नाकतोडे गेले, चंडोल गेले, उंदीर-ससे गेले. चिंकारा आपोआप दुसरीकडे जातो, आणि दुसरीकडे तर प्लॉटिंग चालू असतं. चराचं म्हणाल तर जेसीबीने मुरूम वर काढून टाकला की तिथे पवन्या पुन्हा येत नाही. आधी येतं गाजर गवत.

एक गोष्ट मला अजून टोचते. आम्ही गेलो तो जूनचा पहिला आठवडा. माळटिटवी आणि धाविक या माळावरच्या पक्ष्यांच्या विणीचा हंगाम तेव्हा चालू असतो. घरटं म्हणजे जमिनीवरची उथळ खळगी. अंडी खड्यांसारखी, दोन हातांवरून दिसत नाहीत. आमच्या डोक्यावर एक टिटवी सतत ओरडत घिरट्या घालत होती आणि एकजण म्हणाला, "बघा, पक्षीसुद्धा स्वागत करतायत." दीडशे जोडी बुटांखाली त्या दिवशी काय काय गेलं असेल कोण जाणे.

माळ गमावल्यावर काय होतं याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे माळढोक पक्षी. सोलापूरजवळ बार्शी रस्त्यावर नान्नज लागतं. तिथलं अभयारण्य १९७९ चं. माळढोक नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरची वीजतार उशिरा दिसते, आणि एवढं धूड ऐनवेळी वळत नाही. आज जगात उरलेत ते दीडशेच्या आसपास, बहुतेक सगळे राजस्थानात जैसलमेरकडे. नान्नजला आता ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत.

पण नान्नजची खरी शिकवण पक्ष्यात नाही, नकाशात आहे. ते अभयारण्य घोषित केलं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावं आली, शहरी वस्तीसुद्धा आली. जमिनीचे व्यवहार अडकले, माणसं वैतागली, आणि बिचाऱ्या पक्ष्याचं नाव काढलं की शिव्या ऐकू यायच्या. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केलं, तोवर उशीर झाला होता. उलट आपल्या जिल्ह्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, आणि फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत चिंकारे दिसतात. याचा अर्थ लहान अभयारण्य चांगलं असा नाही, कारण ते चिंकारे कुंपण बघून थांबत नाहीत, आजूबाजूच्या गायरानांवर आणि शेतांत हिंडतात म्हणूनच टिकलेत. माझं मत विचाराल तर माळ राखायचा असेल तर तो वापरणाऱ्यांसकट राखावा लागतो.

आणि वापरणारे म्हणजे धनगर. मेंढी मारली तर राग येतोच, खोटं कशाला बोला. पण सुप्याकडच्या एका वाड्यावर मी रात्र काढली तेव्हा बघितलं: वाघर (जाळीचं कुंपण) लावून मेंढरं आत, चार कुत्री बाहेर, आणि लांडगा येऊन गेल्याची गोष्ट सांगताना घरातल्या म्हाताऱ्या आजी पावसाबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. येतो, नेतो, जातो. ही सहनशीलता आपल्याला फुकट मिळालेली आहे आणि ती कमी होत चाललीय, कारण चराई आक्रसली, शेतात खतासाठी मेंढरं बसवायला पूर्वीसारखं कुणी बोलवत नाही, आणि मेलेल्या मेंढीची भरपाई मिळवायला वेळेत वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, कागद जमवा. फिरत्या माणसाला ते जमत नाही.

म्हणून 'काय करावं' याचं माझं पहिलं उत्तर ऐकायला फार रुक्ष आहे: तुमच्या वृक्षारोपणाचा पैसा कुत्र्यांच्या लसीकरणाला द्या. हसू नका. पुणे जिल्ह्यातल्या लांडग्यांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग आढळलेला आहे, आणि तो गावातल्या मोकाट कुत्र्यांकडून येतो. शिवाय २०२३ मध्ये पुण्याजवळच्या एका प्राण्याच्या जनुकांवरून लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं सिद्ध झालं, भारतातला असा पहिला जनुकीय पुरावा. लांडगे कमी आणि कुत्री बेसुमार झाली की जोडीदार मिळेना म्हणून हे होतं. कुत्री का वाढतात? पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात आणून टाकतात, हॉटेलांचा कचरा हायवेच्या कडेला पडतो. त्याच कोंबड्यांवर तरस येतं, लांडगा येतो, कुत्री येतात, आणि सगळ्यांची तोंडं एका ढिगात. दहा-बारा गावांतल्या आणि वाड्यांवरच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस, थोडी नसबंदी, आणि मेलेल्या कोंबड्या पुरायला पोल्ट्रीशेजारी चुना टाकून पक्के खड्डे. यात फोटो चांगला येत नाही, हे मान्य. पुण्यात द ग्रासलँड्स ट्रस्टसारखी माणसं लांडग्यांवर आणि माळांवर वन विभागाबरोबर काम करतात. कार्यक्रम ठरवायच्या आधी त्यांच्याशी बोला.

दुसरं, वणवा. फेब्रुवारीपासून मे पर्यंत कुणीतरी 'गवत चांगलं येतं' म्हणून किंवा विडी टाकून माळ पेटवतं. थोडी आग माळाला नवी नाही, पण दरवर्षी सगळाच माळ जळणं वेगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आगीचे दिवस सुरू व्हायच्या आत, वन विभागाच्या परवानगीने जाळपट्टे (आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढायला माणसं लागतात. दोनशे जण तिथे खरंच उपयोगी पडतील. तेव्हा गवत छातीपर्यंत, सोनेरी झालेलं असतं. तुमच्या लोकांनी तो माळ तेव्हा बघावा, मेमधला भाजका बघून मत बनवू नये.

तिसरं, नुसतं बघायला जा. वन विभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केलीय, गावातलीच मुलं वाटाडे असतात. त्यांना पैसे मिळाले की गावाला लांडगा जिवंत असण्यात फायदा दिसतो. मात्र गाडी वाटेवरच ठेवा. रील काढायला चिंकाऱ्याच्या मागे जीप घालणारे आणि हिवाळ्यात लांडग्याची पिल्लं असताना बिळापाशी जाऊन बसणारे महाभाग मी बघितलेत, गळ्यात महागडे कॅमेरे घातलेले.

झाडं लावूच नयेत असं माझं म्हणणं नाही. मावळ, मुळशी, भोरकडे जिथे खरंच जंगल तुटलंय तिथे लावा, तेही त्या भागातलंच. तिथल्या देवराया बघून या, माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांची नोंद करायला सुरुवात केली होती. तिथलं हिरडा, जांभूळ, अंजन हे वाण आणि देवराईच्या कडेला गुरं न शिरू देणं, एवढ्यानेही बरंच आपोआप उगवतं. जपानी पद्धतीची दाट 'मियावाकी' बाग सोसायटीच्या कोपऱ्यात करायला हरकत नाही. माळावर नको.

आमची सहाशे रोपं? रोपवाटिकावाल्याचा शब्द खरा निघाला, बरीचशी जगली. शेंगा तडकून बी उडतं, दर पावसाळ्यात नवी रोपं येतात. आता वनरक्षकाला सांगून आम्ही चार-पाच जण जुलैत जातो आणि माती ओली असताना ती उपटतो. मोठी झाडं तोडायची परवानगी अजून मिळालेली नाही. झाड लावायला परवानगी लागली नव्हती, तोडायला लागते.

तुमची रोपं आधीच विकत घेतली असतील तर चिंच, कडुलिंब, करंज असतील ती पायथ्याच्या गावांतल्या शेतकऱ्यांना विचारून बांधावर, शाळेच्या आवारात, एसटी थांब्यापाशी लावा. तिथे सावली हवीच आहे आणि पाणी घालायला माणूस असतो. गिरिपुष्प आणि सुबाभूळ असेल तर परत करा. रोपवाटिकावाला कुरकुरेल, पण घेतो, माझा अनुभव आहे.